हे डॉक्टरांना 'बरंय' सांगतात आणि घरी शर्टाचं बटण लागत नाही, अशा वेळी बायकोने काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर ५४ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, लिम्फ नोडमध्ये, म्हणजे आतड्याजवळच्या रसग्रंथींमध्ये, सापडला म्हणून तिसरी स्टेज सांगितली, दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि मग १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, अशा आठ सायकल ठरल्या, त्यातली चौथी संपत आलीय. आता हातापायाच्या मुंग्या जातच नाहीत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तळवे लाल होऊन दुखतात, आणि चार दिवसांपासून दिवसाला पाच-सहा वेळा जुलाब. ओपीडीत हे स्वतः "काही त्रास नाही" सांगतात, डॉक्टर "केमोत होतंच असं" म्हणून पुढचं लिहितात, आणि दीर म्हणतात की वहिनी तुम्ही मध्ये बोलू नका, डॉक्टर चिडतील. तुम्ही विचारलंय की हे खरंच औषधाचं आहे का माझ्या मनाचे खेळ, डॉक्टरांना राग न येता कसं सांगू, आणि मी सांगितल्यामुळे डोस कमी झाला आणि आजार परत आला तर?

मी केमोच्या डे केअरमध्ये सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली. डोस किती करायचा ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरच ठरवणार. पण डोस कशावरून ठरतो हे मी रोज बघते, आणि त्यात घरच्या माणसाचं बोलणं किती मोजलं जातं हेही बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जुलाबाचं, कारण ते थांबायचं नाही. तुम्ही लिहिलंय की गोळ्या अजून चालू आहेत. आज हॉस्पिटलला फोन लावा, पुढच्या ओपीडीची वाट बघू नका. आम्ही जुलाब मोजतो ते त्या माणसाच्या नेहमीच्या सवयीपेक्षा किती जास्त असं मोजतो, म्हणजे एरवी दिवसाला एकदा जाणारा माणूस आता पाच-सहा वेळा जातोय तर चार-पाचने वाढलं, आणि चार ते सहाने वाढलं की तो दुसरा ग्रेड, म्हणजे त्रासाची दुसरी पायरी, सात किंवा जास्तने वाढलं की तिसरा, तिथे बऱ्याचदा ॲडमिट करायची वेळ येते. कॅपेसिटाबिनच्या कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की त्रास दुसऱ्या ग्रेडला गेला की गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं, आणि चुकलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नाहीत. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं, लोकांना वाटतं कोर्स आहे तर ॲन्टिबायोटिकसारखा संपवायलाच पाहिजे, आणि जुलाब चालू असताना माणूस निष्ठेने गोळ्या गिळत राहतो. तर फोनवर सरळ विचारा, "दिवसाला इतके जुलाब, इतक्या दिवसांपासून, आज रात्रीची कॅपेसिटाबिन द्यायची की थांबवायची?" हो-नाहीचं उत्तर मागा. सोबत सांगा की लघवी किती वेळा झाली, गडद आहे का, उठल्यावर चक्कर येते का, ताप आहे का, शौचात रक्त आहे का. आणि बीपीची, शुगरची, लघवी वाढवायची कुठली गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वरून या गोळ्या असं झालं की किडनीवर ताण येतो, आणि किडनी मंदावली की कॅपेसिटाबिन अंगात जास्त राहतं आणि त्रास अजून वाढतो. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, विचारा. जुलाब थांबायची गोळी पण विचारूनच, ताप किंवा रक्त असेल तर ती तशीच देऊन चालत नाही. तोवर ओआरएस, पेज, ताक घोटघोट चालू ठेवा. ताक फ्रीजमधलं नको, ऑक्सॅलिप्लॅटिननंतर थंड प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो हे तुम्ही बघितलंच असेल.

अजून दोन गोष्टींना थांबायचं नसतं. एक ताप. काखेत नाही, तोंडात थर्मामीटर ठेवून १००.४ किंवा वर आला आणि टिकला, किंवा एकदाच जरी १०१ झाला, तर रात्रीचे दोन असले तरी निघायचं. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा इन्फेक्शनला लढायला अंगात सैन्यच नसतं, त्यामुळे खोकला नाही, पू नाही, काहीच नाही, फक्त ताप दिसतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू हे करायचं नाही, ताप मोजायच्या आधी तर अजिबात द्यायचं नाही, कारण खूण पुसली जाते. जवळच्या कॅज्युअल्टीत गेलात तर पहिलं वाक्य हेच, "केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, ताप आलाय." हे ऐकलं की आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, काढून तासाभरात ॲन्टिबायोटिक सुरू करायची पद्धत आहे, आणि हे तुम्ही सांगितलं नाहीत तर तिथल्या नवीन डॉक्टरला साधा ताप वाटू शकतो. दुसरी गोष्ट छातीत दुखणं. कॅपेसिटाबिनने काही जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात, आधी हार्टचा काही त्रास नसला तरी. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, दाटलं तर पुढची गोळी नाही, लगेच ईसीजी. गॅस समजून घरी बसू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय की यांचे काउंट चांगले येतात, डॉक्टर रिपोर्ट बघून खूश असतात. ताई, इथेच सगळं अडकतं. केमोच्या आदल्या दिवशी सीबीसी, किडनी, लिव्हर तपासतात, ते आकडे कागदावर येतात आणि डॉक्टरांना दिसतात. पण नसांना किती इजा झाली याचा रक्ताचा कुठलाच रिपोर्ट नसतो. मुंग्या, बधिरपणा, तळव्याची आग, तोंडातले फोड, थकवा, हे सगळं पेशंटने किंवा घरच्यांनी सांगितलं तरच फाईलमध्ये जातं, नाही सांगितलं तर फाईलीच्या हिशोबाने ते झालंच नाही. आणि पुढचा डोस फाईल बघून लिहिला जातो. इटलीत तीन मोठ्या ट्रायलमधल्या, म्हणजे औषधांच्या चाचण्यांमधल्या, हजारावर पेशंटच्या फॉर्मची तुलना केली होती, पेशंटने स्वतः भरलेला फॉर्म एकीकडे आणि डॉक्टरांनी नोंदवलेला दुसरीकडे, तर पेशंटने लिहिलेल्या त्रासांपैकी ४० ते ७४ टक्के डॉक्टरांच्या कागदावर नव्हतेच, २०१५ साली ते छापून आलं. तिथले डॉक्टर काय निष्काळजी नव्हते, ट्रायलमध्ये तर उलट जास्त काळजीने लिहितात. ओपीडीच्या पाच मिनिटांत माणूस जसा दिसतो तसाच लिहिला जातो, एवढंच. आपल्याकडे तर एका ओपीडीत किती गर्दी असते ते तुम्ही बाकावर बसून बघितलंय.

म्हणून तुमचं काम डॉक्टरांशी वाद घालणं नाही, आणि हा साईड इफेक्टच आहे हे सिद्ध करणं तर मुळीच नाही. घरी जे दिसतंय ते पुढचा डोस लिहायच्या आधी, आकड्यात आणि रोजच्या कामाच्या भाषेत, फाईलमध्ये पोचवायचं. बस. ते कशामुळे आहे हे शोधायचं काम त्यांचं. बधिरपणा ऑक्सॅलिप्लॅटिनने असेल, जुन्या शुगरने असेल, बी-बारा कमी असेल, जुलाब गोळीने असतील किंवा बाहेरच्या खाण्यातून इन्फेक्शन झालं असेल. ते तपासून ठरवता येतं, पण त्यासाठी आधी कुणीतरी सांगायला पाहिजे. "मनाचे खेळ" असते तर चप्पल निसटली नसती.

मिस्टर का लपवतात तेही समजून घ्या, कारण त्यांना डावलून तुम्ही बोललात तर पुढच्या वेळी ते तुमच्यापासूनही लपवतील. आमच्याकडे पुरुष पेशंट खुर्चीत बसले की सहसा तक्रार करत नाहीत, आणि त्यामागे नुसता ताठा नसतो, भीती असते. सांगितलं तर केमो बंद करतील, बंद केली तर आपण गेलो. कुणाला खर्च दिसत असतो, कुणाला महात्मा फुले योजनेतली मंजुरी लांबेल असं वाटतं, कुणाला मुलीचं लग्न. योजनेचं असेल तर सायकल पुढे गेल्यास मंजुरीचं काय होतं ते आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या, तेवढी एक भीती तरी कमी होईल. आणि घरी, ओपीडीच्या आदल्या दिवशी, शांतपणे त्यांना विचारा, "उद्या मी हे-हे सांगणार आहे, तुम्हाला चालेल का, यातलं काही तुम्ही सांगाल का?" एक गोष्ट त्यांच्या तोंडून येऊ दे, बाकीच्या तुम्ही सांगा. बहुतेक माणसं एवढ्याला तयार होतात. दिरांनाही हेच सांगा की मी डॉक्टरांना जाब विचारायला जात नाहीये, माहिती द्यायला जातेय. शक्य असेल तर तेच दीर सोबत येऊ देत आणि त्यांना कागद धरायला द्या.

कागदाचं सांगते. शाळेच्या वहीतलं एक पान पुरतं. सायकलचा दिवस लिहायचा, सलाईन लागलं तो पहिला दिवस, मग दुसरा, तिसरा असं. त्या दिवसासमोर जुलाब किती, ताप किती, खाल्लं किती, वजन आठवड्यातून एकदा, आणि हातापायाचं काय. ही दिवसांची मोजणी फार महत्त्वाची आहे, कारण ऑक्सॅलिप्लॅटिनचा नसांवरचा त्रास दोन तऱ्हेचा असतो. एक लगेचचा, थंड पाण्याला हात लागला की झिणझिण्या, सलाईननंतर चार-पाच दिवस आणि मग कमी, तो जवळजवळ सगळ्यांना होतो, आणि डॉक्टर "होतंच असं" म्हणाले ते याच्याबद्दल असेल तर बरोबरच आहे. दुसरा साठत जाणारा, पुढची सायकल आली तरी जुना गेलेला नसतो, थंडीचा संबंध उरत नाही, बोटांच्या टोकांपासून वर सरकतो. तुम्ही जे लिहिलंय ते या दुसऱ्यासारखं वाटतंय. आणि ओपीडीत नुसतं "मुंग्या येतात" म्हणालात तर ऐकणाऱ्याला पहिलाच वाटणार, कारण दिवसातून वीस पेशंट तेच वाक्य बोलतात.

म्हणून "मुंग्या येतात, त्रास होतो" एवढ्यावर थांबू नका. काय करता येत नाही ते सांगा. आमची ग्रेडची सगळी पट्टी त्यावरच उभी आहे. नुसत्या मुंग्या, काम अडत नाही, तर पहिला ग्रेड. मोबाईलवर टाईप करता येत नाही, नोटा मोजता येत नाहीत, स्कूटरची किल्ली फिरवता येत नाही, तर दुसरा. स्वतःचं स्वतःला जेवता, अंघोळ करता, कपडे घालता येत नाहीत, तर तिसरा. मग बघा, "शर्टाचं बटण आता मी लावते" हे एक वाक्य डॉक्टरांच्या कानाला किती वेगळं लागतं, कपडे घालणं म्हणजे स्वतःच्या कामात आलं. चप्पल निसटल्याचं कळत नाही हेही तसंच, त्यातून पडण्याचा धोका कळतो. तळव्यांचं पण असंच, नुसती लाली की दुखतं, साल निघते, फोड आहेत, चालताना पाय तिरका टाकतात का. मोबाईलवर दोन फोटो काढा, तारखेसकट, कारण केमोच्या दिवसापर्यंत गोळ्या बंद होऊन आठवडा झालेला असतो आणि तळवे बरेचसे बरे दिसतात, डॉक्टरांना वाटतं काहीच नाही.

ओपीडीत बसल्यावर डॉक्टर पेन उचलायच्या आत बोला. मी जसं बोलायला शिकवते तसं लिहिते, तुमच्या शब्दात बदलून घ्या. "डॉक्टर, पाचव्या सायकलचा डोस लिहायच्या आधी दोन मिनिटं. आधीच्या सायकलमध्ये मुंग्या पाच दिवसांत जायच्या, यावेळी तीन आठवडे झाले तरी आहेत, थंडीशिवाय पण आहेत. बटण मी लावते, चप्पल निसटते तरी कळत नाही. जुलाब दहाव्या दिवसापासून रोज पाच-सहा. हे पान फाईलला लावाल का, आणि ऑक्सॅलिप्लॅटिन तेवढंच ठेवायचं, कमी करायचं का थांबवायचं, तुमचं मत सांगाल का?" एवढंच. आवाज चढवायचा नाही, गूगलवर वाचलं म्हणायचं नाही, रडू आलं तर येऊ दे पण पान पुढे करा. यात कुणाची चूक काढलेली नाही, त्यामुळे चिडायला काही जागा राहत नाही, आणि मी बघितलंय की असं नेमकं बोलणारे नातेवाईक डॉक्टरांना आवडतात, त्यांचं काम सोपं होतं. डॉक्टर मग बऱ्याचदा डोळे मिटून उभं राहायला सांगतात, पायाला थरथरणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) लावून बघतात.

ओपीडीत राहून गेलं तर डे केअरला सुई लागायच्या आधी सिस्टरला सांगा. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आम्हाला प्रत्येक पेशंटला विचारूनच औषध जोडायचं असतं, आणि आम्हाला काही वेगळं वाटलं तर आम्ही डॉक्टरांना फोन करून ऑर्डर परत विचारू शकतो, औषध तयार व्हायच्या आधी. सलाईन चालू झाल्यावर सांगितलंत तर त्या सायकलचं तेवढं गेलं.

आता तिसरा प्रश्न, डोस कमी झाला तर आजार परत येईल का. ही भीती मी प्रत्येक घरात बघते, आणि तुमच्या मिस्टरांच्या आजारात तर याबद्दल खूप चांगली माहिती उपलब्ध आहे. तिसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरला सहा महिने केमो द्यायची पद्धत होती, तुमच्या आठ सायकल म्हणजे तेच सहा महिने. मग १२ देशांतल्या सहा ट्रायल एकत्र करून, १२ हजारांवर पेशंटमध्ये, तीन महिने आणि सहा महिने यांची तुलना केली, आयडिया नावाने ते ओळखलं जातं, २०१८ मध्ये छापलं गेलं. सगळ्या पेशंटची बेरीज केल्यावर तीन महिने सहाच्या बरोबरीचे आहेत असं ठामपणे सिद्ध झालं नाही, पण फरक फार थोडा निघाला, तीन वर्षांनंतर आजार न परतलेले साधारण ७४.६ टक्के विरुद्ध ७५.५. आणि ज्यांची गाठ आतड्याचं बाहेरचं आवरण फोडून किंवा शेजारच्या अवयवात गेलेली नव्हती आणि एक ते तीनच लिम्फ नोडमध्ये आजार होता, आणि औषध हेच सलाईन अधिक कॅपेसिटाबिन होतं, त्यांच्यात तीन महिने म्हणजे चार सायकल सहा महिन्यांपेक्षा कमी पडल्या नाहीत. नसांचा दुसऱ्या ग्रेडचा किंवा वरचा त्रास मात्र सहा महिन्यांत साधारण ४५ टक्के लोकांना आणि तीन महिन्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या चार होत आल्यात. म्हणजे तुम्ही नेमक्या त्या वळणावर उभ्या आहात जिथे हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढा, त्यात टी (गाठ किती खोल गेली) आणि एन (किती लिम्फ नोडमध्ये आजार आहे) यांच्या पुढे आकडे असतील, ते घेऊन विचारा, "यांच्यात धोका कमीतला आहे का जास्तीतला, आणि चारवर थांबणं किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन काढून नुसत्या गोळ्यांवर राहणं चालेल का?" टी चार किंवा एन दोन असेल तर डॉक्टर पुढे जायला सांगू शकतात, त्यालाही कारण आहे, तेव्हा मग ऑक्सॅलिप्लॅटिनचा डोस कमी करायचा का हा प्रश्न उरतो. ऑपरेशननंतरच्या केमोमध्ये त्रास वाढला तर ऑक्सॅलिप्लॅटिन मध्येच सोडून गोळ्या चालू ठेवणं हे काही अर्धवट उपचार नाही, नेहमी करतात. कॅपेसिटाबिनचा डोस उतरवणंही नेहमीचंच, गोळी चालू करतानाच डॉक्टरांच्या मनात त्या पायऱ्या असतात.

उलट त्रास सांगितल्याने आयुष्य कमी होतं या समजाच्या विरुद्ध माहिती आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर अभ्यास झाला, एका गटाने त्रास कॉम्प्युटरवर नियमित नोंदवायचा, वाढला की सिस्टरला निरोप जायचा, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं. नोंदवणाऱ्या गटाचं मधलं आयुष्यमान ३१ महिने आलं आणि दुसऱ्याचं २६. हे २०१७ साली आलं. कुठलं नवीन औषध नव्हतं त्यात, वेळेवर सांगणं आणि ऐकून काहीतरी करणं एवढंच होतं. हे मिस्टरांना सांगा, लपवण्यामागचं त्यांचं सगळं गणितच याने बदलेल.

मुंग्यांसाठी घरी काय देताय ते तुम्ही लिहिलं नाही, पण केमिस्टकडून नसांच्या ताकदीच्या गोळ्या आणल्या असणार असं मी धरून चालते, सगळेच आणतात. पाकिटं ओपीडीला घेऊन जा. त्यांत पुष्कळदा फोलिक ॲसिड असतं, आणि फोलेट वाढलं की कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो, जुलाब आणि तळव्यांचा पण. बी-सिक्स जास्त डोसमध्ये खूप दिवस घेतलं तर त्यानेच बधिरपणा येतो. ॲसिटिल एल कार्निटिन असेल तर अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने केमोच्या नसांच्या त्रासासाठी ते वापरू नका असंच सांगितलंय, एका ट्रायलमध्ये त्याने त्रास वाढला होता. नसा दुखत असतील, जळजळत असतील तर ड्युलॉक्सेटिन हे एकच औषध पुराव्याने टिकलंय, ते डॉक्टरांनीच लिहायचं, नुसत्या बधिरपणाला त्याचा फारसा उपयोग नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर कॅपेसिटाबिनबरोबर त्यांचं प्रमाण अंगात वाढतं, हे तर आजच्या फोनमध्येच सांगा. आयुर्वेदिक काढे, भस्मं चालू असतील तर तीही लपवू नका.

तळव्यांसाठी युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा, मऊ चप्पल, कडक पाण्याने अंघोळ नाही, घट्ट बूट नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये २०२४ साली छापलेल्या ट्रायलमध्ये दुखण्यावर लावायचं साधं १ टक्का डायक्लोफेनॅक जेल हातांना नियमित लावलं तर दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचा त्रास १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. ते त्रास होऊ नये म्हणून होतं, झाल्यावर किती उपयोग हा वेगळा प्रश्न, आणि साल निघालेल्या जागी लावायचं नाही, पण कॅपेसिटाबिन पुढे चालू राहणार असेल तर डॉक्टरांना विचारण्यासारखं नक्की आहे.

एवढं सगळं करून पण ऐकलं नाही तर? होतं असं, आणि तेव्हा बायका गप्प बसतात. पहिलं, त्याच डॉक्टरांना लेखी द्या, हॉस्पिटलच्या नंबरवर मेसेज करा, तारीख राहते. दुसरं, फाईलची पूर्ण कॉपी मागा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला लागतात, त्याला कारण सांगायची गरज नाही. ती घेऊन दुसऱ्या ऑन्कॉलॉजिस्टचं, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरचं, मत घ्या, टाटा मेमोरियलला जाणं जमत नसेल तर टाटाबरोबर काम करणाऱ्या 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाईन सेवेतून घरबसल्या मत मिळतं. दुसरं मत म्हणजे पहिल्या डॉक्टरांशी भांडण नव्हे, बरेच डॉक्टर स्वतःच सुचवतात. तिसरं, औषधाचा त्रास सरकारी पातळीवर नोंदवायची सोय आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, फोन १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री, पेशंट किंवा नातेवाईक स्वतः नोंदवू शकतात, मराठीत फॉर्म आहे, आणि औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची अट नाही, शंका पुरते. याने मिस्टरांचा डोस बदलणार नाही, पण नोंद होते.

गोळ्या पहिल्यांदा चालू केल्यावर पहिल्याच सायकलमध्ये भयंकर जुलाब, तोंड सोलून निघणं, पेशी एकदम खाली, असं झालं असेल तर ते वेगळं प्रकरण असतं, काही जणांच्या अंगात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. युरोपात २०२० पासून औषध सुरू करायच्या आधीच ती तपासणी सुचवलेली आहे, आपल्याकडेही लॅबमध्ये होते. तुमच्या मिस्टरांना पहिल्या सायकलमध्ये असं झाल्याचं तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे त्यांच्यात ही शक्यता कमी, पण तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाला पहिल्याच सायकलला असं होत असेल तर डॉक्टरांना डीपीडी हे नाव घेऊन विचारा. आणि ज्यांच्या घरी केमोऐवजी इम्युनोथेरपी (अंगाची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारं औषध) चालू आहे त्यांनी वरचं जुलाबाचं गणित तसंच लावू नका, तिथे जुलाब म्हणजे आतड्याला सूज असू शकते, शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनी पण येते, त्याला स्टिरॉइड लागतात, साधी जुलाबाची गोळी देऊन वेळ घालवायचा नाही.

शेवटी एक गोष्ट आत्ताच माहीत असू दे म्हणजे पुढे घाबरणार नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवलं तरी बधिरपणा पुढचे दोन-तीन महिने वाढत जाऊ शकतो आणि मग हळूहळू उतरायला लागतो, कुणाचा पूर्ण जातो, कुणाचा थोडा राहतो. तेव्हा "थांबवलं तरी वाढतंय म्हणजे केमोमुळे नव्हतंच" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आणि वही पण बंद करू नका, फॉलोअपला तेच पान न्या. तोवर रोज रात्री त्यांच्या तळपायाला तुम्ही स्वतः बघा, खडा टोचलेला, भाजलेला त्यांना कळणार नाही. अंघोळीचं पाणी तुमच्या हाताने बघूनच द्या, गरम पाण्याची पिशवी पायाला लावू देऊ नका, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा राहू दे, आणि बोटांना परत पकड येईपर्यंत स्कूटर मुलाला चालवायला सांगा.